बुट्टीखालचं पीठ

माझ्या डिप्लोमाच्या फिल्मची सुरुवात वाईट आहे. बसस्टॉपवर एक बाई उभी असते, बस येते, बाई चढत नाही, बस निघून जाते. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी असलीच सुरुवात केली होती आणि सरांनी प्रत्येकाला 'तुझीबी बस चुकली व्हय?' असं विचारून लाज काढली होती. मला मात्र त्यांनी एवढंच विचारलं, की आधीची सुरुवात कुठं गेली. आधीची सुरुवात सगळ्या वर्गाने पाहिली होती आणि ती चांगली होती. तेवढी चांगली मला पुन्हा जमेल असं वाटत नाही. ती मी का काढली हे सरांना सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही. ज्या एका बाईला सांगितलं, तिला सांगायला नको होतं.

आमची संस्था म्हणजे कोल्हापुरात स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सर उतारवयाचे, इथे शूटिंगं चालायची त्या काळात स्टुडिओत साहाय्यक म्हणून राबलेले. शिकवायचे कमी, खेकसायचे जास्त. पहिले सहा महिने त्यांनी आम्हांला फक्त सुरुवाती शिकवल्या. घरचा अभ्यास एकच. शंभर सिनेमांची पहिली दोन मिनिटं बघायची, मग बंद करायचं आणि वहीत लिहायचं, की काय दाखवलं, काय लपवलं, बघणाऱ्याच्या मनात कोणता प्रश्न सोडला. पुढचा सिनेमा बघायचा नाही. पुढचं बघितलं की माणूस गोष्टीत वाहून जातो आणि सुरुवात कशी रचली ते त्याला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ही वही मी फार मनापासून भरली. कुठली सुरुवात गावाबाहेरून निघते आणि हळूहळू एका घरात शिरते. कुठली थेट चेहऱ्यावर उघडते. कुठे पडदा काळाच असतो आणि नुसता आवाज येत राहतो. काही तर शेवटच आधी दाखवून मोकळ्या होतात. मला आवडायच्या त्या वस्तूपासून सुरू होणाऱ्या. माणूस नाही, जागा नाही, अगदी जवळून दिसणारी एक वस्तू, आणि ती कशासाठी आहे हे कळायला वेळ लागतो. सर म्हणायचे, 'वस्तू दाखव, माणूस लपव. बघणाऱ्याला माणूस हुडकाय लाव.' हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

त्या सहा महिन्यांत मला एक वाईट खोड लागली. कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत बघवेना. आईच्या मालिकेपुढे मी दोन मिनिटं उभी राहायचे आणि निघून जायचे. मावसबहिणीच्या लग्नात मंडपाबाहेरच्या चपलांचा ढीग बघत बसले, कारण फिल्म तिथून चांगली सुरू झाली असती. अक्षता पडल्या ते मला वाजंत्रीवरून कळलं. आई म्हणायची, ही पोरगी फोडणीच्या वासावरच पोट भरणार.

आम्ही गडमुडशिंगीला राहतो. आमच्या घराला लागून काकांचं घर, मधे एकच भिंत. काका शिरोलीला फौंड्रीत भट्टीवर होते. भट्टीपुढे जन्म गेल्याने कान अधू झालेले, म्हणून ते मोठ्याने बोलायचे आणि त्यांना ऐकू जावं म्हणून काकी त्यांच्याहून मोठ्याने. त्या घरात गुपित असं काही नव्हतंच, सगळं भिंतीतून आमच्या स्वयंपाकघरात यायचं. मुलगी हातकणंगल्याला दिलेली, घरात दोघंच. मला सायकल शिकवली ती काकांनी. मी पडले की उचलायच्या आधी हसायचे.

गेल्या थंडीत काकांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात चला म्हणून काकी मागे लागल्या, काका गॅस झालाय म्हणून टाळत राहिले. शेवटी काकींनी ठेवणीतलं हत्यार काढलं. दवाखान्यात जाईपर्यंत बोलणार नाही म्हणाल्या, आणि खरंच बोलल्या नाहीत. चार दिवस भिंतीपलीकडून एकट्या काकांचा आवाज येत होता. ते चहा मागायचे, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता कसा अडवलाय ते सांगायचे, मधेच 'आता बोल की गं' म्हणायचे. आम्ही इकडे हसायचो. आईचं म्हणणं, जाऊबाई पक्क्या आहेत, दोन दिवसांत नेतातच बघ. पाचव्या दिवशी रात्रपाळी करून काका सकाळी घरी आले, मधल्या खोलीत आडवे झाले आणि उठले नाहीत. काकींनी न बोलता त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला होता. तो भरलेलाच होता.

आमच्याकडे एक रीत आहे. अग्नी देऊन माणसं परत आली की ज्या जागी जीव गेला तिथे दिवा लावतात. दिव्याशेजारी जोंधळ्याचं पीठ चाळून पातळ पसरतात आणि त्यावर बुट्टी, म्हणजे टोपली, पालथी घालतात. सकाळी बुट्टी उचलून बघायचं. पिठावर पाखराचं पाऊल उमटलं असेल तर माणूस सुटला. माणसाचं असेल तर घराण्यात परत येणार. सापाची रेघ उमटली असेल तर जीव घरातच अडकला, त्याचं काहीतरी राहून गेलं. बहुतेक घरी काहीच उमटत नाही आणि म्हाताऱ्या बायका एखाद्या खड्ड्याला पाखराचं पाऊल म्हणून मोकळ्या होतात. त्यात कुणाचं वाईट होत नाही.

संस्थेचा कॅमेरा त्या आठवड्यात माझ्याकडे होता. दिवेलागणीला भावकीतल्या लोकांनी जेवण आणलं, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. सगळे अंगणात बसले होते, काकींनाही धरून बाहेर आणलं होतं. मी पाणी न्यायला आत गेले आणि मधल्या खोलीच्या दारात थांबले.

पुढचं सांगायची मला शरम वाटते. दिवसभर मी रडले होते आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण दारात उभी राहिले तेव्हा मला काका दिसले नाहीत, फ्रेम दिसली. अंधारी खोली, एक दिवा, पालथी बुट्टी. मी शेजारच्या आमच्या घरात जाऊन कॅमेरा घेऊन आले. पट्टा गळ्यात अडकवूनच कॅमेरा धरायचा असा संस्थेचा नियम होता, पण मला वरून सरळ खाली धरायचा होता, म्हणून पट्टा गळ्यातून काढला. बुट्टी उचलून बाजूला ठेवली. पीठ सपाट होतं. दिव्याचा उजेड त्यावर आडवा पडला होता आणि कणन् कण दिसत होता. मी श्वास रोखून मनात चाळीसपर्यंत मोजलं. अंगणात कुणीतरी उठल्याचा आवाज आला तशी घाईघाईने बटण दाबलं, दाराकडे बघतच बुट्टी जागेवर घातली, कॅमेरा ओढणीखाली लपवून घरी टाकला आणि पाण्याची कळशी घेऊन बाहेर गेले.

सकाळी बुट्टी उचलायला काकी, त्यांची मुलगी, माझी आई, मी आणि भावकीतली सगळ्यांत म्हातारी आजी एवढ्याजणी होतो. आजीने बुट्टी उचलली. पिठावर बोटभर रुंदीची एक नागमोडी रेघ होती. दिव्याकडून निघून कडेपर्यंत गेलेली, कोपऱ्यातल्या गव्हाच्या पिंपाच्या दिशेने. मग आजी म्हणाली, 'काय तरी ऱ्हायलंय गं त्येचं.'

काकी खाली बसल्या. 'माझं बोलणं ऱ्हायलंय,' एवढंच म्हणाल्या.

मी बारावीपर्यंत सायन्स घेतलेली पोरगी. असल्या गोष्टींना हसणारी. पण पीठ आदल्या संध्याकाळी सपाट होतं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि माझ्याकडे त्याचा पुरावा होता. दुपारी कॅमेरा उघडून त्याच्या एवढ्याशा पडद्यावर बघितलं. सपाट पीठ, दिव्याचा उजेड, कुठे ओरखडासुद्धा नाही. म्हणजे रेघ माझ्यानंतर उमटली. मी बुट्टी उचलली, आणि त्यानंतर काहीतरी आलं आणि गेलं. कितीतरी दिवस मी आईला चिकटून झोपत होते. कोपऱ्यातलं पोतं सरकलं तरी उठून बसायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही, मला तर वाटायचं काका माझ्याकडेच बघताहेत. ती क्लिप मी दहा-बारा वेळा तरी लावली असेल. दर वेळी पहिली दहा-पंधरा सेकंदं बघायची आणि पीठ सपाट आहे याची खात्री करून बंद करायची. शेवटपर्यंत एकदाही बघितली नाही. शेवट बघायची सवयच राहिली नव्हती.

पुढचे चार महिने काकींनी तो कोपरा झाडू दिला नाही. पिंपाजवळ वाटीत दूध ठेवायच्या. मधल्या खोलीत जायच्या आधी टाळी वाजवायच्या, आपला पाय चुकून पडू नये म्हणून. आणि रोज संध्याकाळी भिंतीतून त्यांचा आवाज यायचा, हळू. जन्मात कधी हळू न बोललेली बाई इतकं हळू बोलत होती की आम्हांला शब्द कळत नव्हते. आईचा भाकरी थापणारा हात थांबायचा, मग ती मुद्दाम जोराने थापायला लागायची. काकी वाळत चालल्या होत्या. हातकणंगल्याची चुलतबहीण दर रविवारी न्यायला यायची आणि एकटीच परत जायची. 'ते हितं असताना मी कुठं जाऊ,' असं काकींचं उत्तर ठरलेलं. बहीण आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडायची. मला म्हणायची, तू शिकलेली आहेस, तुझं ऐकतील, काहीतरी करून तिला यातनं सोडव.

आणि मी काय करत होते? मी फिल्म लिहीत होते. नवरा गेल्यावर घरात एकट्या राहिलेल्या बाईची. लोकाचं मरण आणि माझा डिप्लोमा. सुरुवात अर्थातच पिठावर. सरांना कागदावरच आवडली. फाल्गुनात सगळ्यांनी आपापल्या सुरुवाती वर्गात दाखवायचा दिवस आला, तेव्हा मी ती क्लिप न कापता तशीच नेली.

प्रोजेक्टरने ती भिंतीवर पाडली. हातभर पीठ भिंतभर झालं. पोरं गप्प झाली, आणि आमच्या वर्गात पोरं गप्प होणं म्हणजे काय हे सरांना माहीत होतं. अर्ध्या मिनिटाने मी बंद करायला हात पुढे केला. सर म्हणाले, 'चालू दे.' मग वरच्या कोपऱ्यातून काहीतरी काळं खाली आलं. पिठाला टेकलं, कॅमेरा हलला तसं वळवळत पिठावरून कडेपर्यंत गेलं आणि उचललं गेलं. मागे नागमोडी रेघ राहिली. अंगणातला आवाज ऐकून मी बटण शोधायला वाकले होते, त्याच वेळी गळ्यातून काढलेला पट्टा लोंबत होता.

सर म्हणाले, 'शेवटची नऊ सेकंदं काप. पट्टा आलाय फ्रेममधी. बाकी एक लंबर.'

वर्ग हसला. मी जिन्यात जाऊन बसले. मलाही हसू आलं. साप नव्हता, भूत नव्हतं, चार महिन्यांची भीती एका पट्ट्यावर संपली. खरं सांगते, पहिल्यांदा फक्त माझीच सुटका आठवली. काकी आठवल्या त्या बसमध्ये बसल्यावर.

सांगायला मला तीन आठवडे लागले. सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की काकांची राख गरम होती तेव्हा मी फिल्मसाठी बुट्टी उचलली. वडिलांनी तंगडं मोडलं असतं. शिवाय सांगितल्यावर तो शॉट वापरता येणार नव्हता, हेही मनात होतं, ते कशाला लपवू? पण बहिणीचं रडणं भिंतीतून येणाऱ्या त्या आवाजात मिसळायला लागलं होतं. मी ठरवलं की नुसतं सांगून काकींना पटणार नाही, दाखवलंच पाहिजे. खरं तर नुसतं तोंडाने सांगायची हिंमत मला नव्हती.

चैत्रातल्या दुपारी मी लॅपटॉप घेऊन गेले. वडील शेताकडे, आई गिरणीत. काकी बाहेरच्या खोलीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसून एका दमात सगळं सांगितलं, बुट्टीचं, कॅमेऱ्याचं, वर्गात काय दिसलं त्याचं, सर काय म्हणाले त्याचंसुद्धा. त्या ऐकत होत्या पण हात चालूच होते. मग मी क्लिप लावली. तेव्हा त्यांनी हात पुसले आणि पुढे सरकल्या. पट्टा आला तिथे मी थांबवून बोटाने दाखवलं. 'परत लाव,' म्हणाल्या. असं तीनदा लावलं. मी शिव्यांची वाट बघत होते. काकींच्या शिव्या गल्लीत प्रसिद्ध आहेत, त्या वेळी त्यांनी दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

'म्हंजी ते आलंच न्हाईत,' काकी म्हणाल्या.

मी घाईने म्हणाले, नाही काकी, काही आलं नव्हतं. काका कशात अडकले नाहीत, ते सुटले. तुमच्यावर काही नाही, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. चांगला रिपोर्ट आलाय असं सांगणाऱ्या डॉक्टरच्या उत्साहाने मी बोलत होते.

मग त्या बोलायला लागल्या, पण माझ्याशी नाही, शेंगांच्या टरफलांशी बोलावं तशा. पहिले काही दिवस त्यांना भीती वाटली होती. मग त्या कोपऱ्याजवळ बसून त्यांनी राहिलेलं बोलणं बोलून टाकलं. त्या सकाळी काका झोपून उठले की चहा ठेवून बोलायचं असं ठरवलं होतं, आता पुरे झालं म्हणून, तेही सांगितलं. ते संपल्यावर उठून जाववेना, म्हणून रोजचं सांगायला लागल्या. मुलीचा फोन आला होता. शेंगा यंदा बारीक निघाल्या. म्हैस आज लवकर पान्हावली. काकांना ऐकू यावं म्हणून सगळा जन्म ओरडण्यात गेला, आणि आता ओरडावं लागत नव्हतं. आम्ही भिंतीअलीकडून ऐकून जिला भीती समजत होतो, ती भीती नव्हती. ते त्यांचं बोलणं चालू होतं.

'साप तर साप,' त्या म्हणाल्या. 'घरात हुतं की गं. मी बोलत हुतो त्यांच्यासंगं.'

माफी मागावी इतकंही मला सुचलं नाही. मी लॅपटॉप मिटायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. 'हे पट्ट्याचं तेवढं काढता येतंय न्हवं? तुझा सर म्हणाला न्हवं, काप म्हणून?'

येतं म्हणाले. त्यांच्यासमोरच शेवटची नऊ सेकंदं कापली आणि उरलेलं लावलं. पीठ, दिव्याचा उजेड, बाकी काही नाही. काकींनी शेवटपर्यंत बघितलं. संपल्यावरही पडद्याकडे बघत राहिल्या.

'काढलंस तरी मी बघितलंय की गं आता,' त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. माझी समजूत घालत असल्यासारख्या म्हणाल्या.

मग उठल्या. टाळी न वाजवता मधल्या खोलीत गेल्या, पिंपाजवळची दुधाची वाटी आणली, दूध मांजराला ओतलं, वाटी घासून रॅकवर ठेवली. केरसुणी घेऊन कोपरा झाडला. मुलीला फोन करून रविवारी ये म्हणाल्या. परत येऊन उरलेल्या शेंगा फोडायला बसल्या आणि मला विचारलं, चहा घेणार का.

रविवारी बहीण गाडी घेऊन आली आणि माझ्या गळ्यात पडली. काय जादू केलीस म्हणाली. मी काय केलं ते काकींनी कुणाला सांगितलं नव्हतं, अजूनही सांगितलेलं नाही. आईने चारचौघींत माझं कौतुक केलं, पोरीच्या शिक्षणाचा उपयोग झाला म्हणून. काकींच्या घराला कुलूप लागलं. क्लिप मी त्याच आठवड्यात पुसून टाकली आणि बसस्टॉपवर जाऊन दुसरी सुरुवात शूट केली.

काका गेले त्या दिवशी काकींनी हंबरडा फोडला तेव्हा त्यांना धरायला भावकीतल्या बायका होत्या. चैत्रातल्या त्या दुपारी मी काकांना पुन्हा नेलं, आणि काकी रडल्यासुद्धा नाहीत.